हाकेच्या अंतरावरचं राहून जातं

जानेवारी उजाडला की माणसाला सुधारण्याची हुक्की येते. पहाटे उठायचं, चालायला जायचं, साखर सोडायची, रोजनिशी लिहायची, पेटी शिकायची, एकदा तरी हिमालय पाहायचा. संकल्पांची ही यादी घरोघर जवळजवळ सारखीच असते. आमच्या सोलापुरात तिचा हिशेब ठेवायचा असेल तर सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी सहा वाजता उभं राहावं. पहिल्या आठवड्यात नव्या बुटांची आणि नव्या कानटोप्यांची गर्दी इतकी, की नेहमीच्या चालणाऱ्यांना वाट मिळत नाही. गड्ड्याची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे फिरू लागतात, भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि यात्रा उतरणीला लागली की तलावाकाठची गर्दीही ओसरते. उरतात ती नेहमीचीच दहा-बारा माणसं. संकल्प आणि संक्रांतीचे तिळगूळ यांचं आयुष्य साधारण सारखंच.

सोलापूरकराला एक सोय मात्र आहे. एक तारखेचा संकल्प मोडला तर तो म्हणतो, "खरं वर्ष गड्ड्यानंतरच सुरू होतं." तेही हुकलं तर गुढीपाडवा आहेच. एवढ्या मुदती बँकेनंसुद्धा कधी कुणाला दिल्या नसतील, आणि हे मी बँकेत पस्तीस वर्षं काढून सांगतो आहे.

संकल्प का मोडतात याचा विचार करता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आपले बहुतेक संकल्प लांबचे असतात. लांबचा प्रवास, लांबचा छंद, लांबचं ध्येय. 2023 मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान उडालं. लांब जाणं सोपं होत चाललं आहे. त्याचा आनंद आहेच. पण मंडळी दुबईचे फोटो दाखवत असतात तेव्हा मी हळूच विचारतो, "नळदुर्ग पाहिलात का हो?" उत्तर ठरलेलं असतं : "ते काय, जवळच आहे. जाऊ कधीतरी." तुळजापूर आणि अक्कलकोट सुटत नाहीत, कारण तिथं देव बोलावतो. ज्याच्यामागे नवस नाही ते हाकेच्या अंतरावरचं राहून जातं.

नळदुर्गचंच घ्या. एस.टी.त बसलं की तास-सव्वा तासात गाव येतं. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात महाल बांधला, तो पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये तो पुरा झाला. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि आत महालात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची ही करामत. मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेकाठी माचणूर आहे. तिथं सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला. दिल्लीचा बादशहा 1695 ते 1699 अशी चार वर्षं इथं ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला होता, हे आमच्या कितीतरी सोलापूरकरांच्या गावीही नसतं. उजनीच्या पाणपसाऱ्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात. त्यांना जे जमतं, म्हणजे इथवर येणं, ते आपल्याला जमत नाही.

आणि जवळचं आपली वाट पाहत थांबतं, हा समजही तितकासा खरा नाही. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या पक्षीनिरीक्षकानं तिथल्या माळावरच्या माळढोकाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. 1979 मध्ये अभयारण्य झालं. मी कॉलेजात असताना, 1984 च्या पावसाळ्यानंतर, आम्ही चौघे मित्र सायकली हाणत नान्नजला गेलो होतो. दोन तास गवतात बसल्यावर लांबवर एक माळढोक दिसला. मीटरभर उंच, मान ताठ, छाती पुढे काढून गावच्या पाटलासारखा चालत होता. एकानं चुकून शिंक दिली, तरी त्यानं नुसतं वळून पाहिलं आणि चाल मोडली नाही.

हा पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा एका वेळी एकच. माळ नांगरले गेले, गवत गेलं, विजेच्या तारा आल्या. अंगानं जड, त्यामुळे उडताना समोरची तार त्याला चुकवता येत नाही. आता देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला काळवीट भरपूर दिसतात, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. माळढोक दिसला तर मात्र ती वर्तमानपत्राची बातमी होते. माझ्या नातवाला मी तो चित्रातच दाखवतो. पक्ष्यांचा कोश मराठीत सिद्ध करणारे मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. 2006 चं साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा तेच अध्यक्ष होते. 2025 च्या जूनमध्ये ते गेले त्या दिवशी मला तो नान्नजचा माळ पुन्हा आठवला. माणसं काय, पक्षी काय, कुणी मुदतवाढ देत नाही.

हे सगळं मनात घोळत असताना गेल्या संक्रांतीला मी यंदापुरता एकच संकल्प करायचं ठरवलं. लांबचा नाही, अगदी घरातला. आमच्या अव्वाची वही वाचायची.

अव्वा म्हणजे माझी आई. वय शहाऐंशी. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. चौथीपर्यंत शिकली ती कानडी शाळेत. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या असतात. वाक्य कानडीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. पूर्वभागात गेलात तर त्यात तेलुगू मिसळते, बेगम पेठेत उर्दू. एका रिक्षात चार भाषा बसतात आणि भाडं मात्र एकाच भाषेत ठरतं. पण बोलणं वेगळं, वाचणं वेगळं. आम्ही भावंडं मराठी शाळेत गेलो. कानडी आमच्या कानात होती, डोळ्यांत नव्हती.

अव्वाची एक जाड, काळ्या पुठ्ठ्याची वही आहे. अप्पा गिरणीत तिसऱ्या पाळीला गेले की भोंग्याचा आवाज विरल्यावर ती स्वयंपाकघरात कंदिलाशी बसून काहीतरी लिहायची, एवढं लहानपणापासून पाहिलेलं. त्या भोंग्यावर सगळं गाव घड्याळं लावायचं. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, अप्पा गेले. वही मात्र देवघराखालच्या फळीवर तशीच. चार वर्षांपूर्वीपर्यंत अव्वा चष्मा लावून कधीमधी ती चाळायची. मग डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू झाला. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता तिला खिडकीचा उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, अक्षर कळत नाही. गेल्या भोगीला ती वहीवरून हात फिरवत म्हणाली, "मी काय काय लिहिलं होतं, मलाच आठवेना झालंय. कुणी वाचलं असतं तर बरं होतं." घरात आम्ही सहा माणसं. वाचणारं एकही नाही.

पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा उपद्व्याप कशाला? मोबाइल समोर धरा, तो वाचून दाखवतो." धरला. छापील कानडी तो घडाघडा वाचतो, तिकिटावरचं, औषधावरचं सगळं वाचतो. पण अव्वाचं अक्षर पेन्सिलीचं, पुसट, एकात एक अडकलेलं. मोबाइलनं पहिल्या पानाचा जो अर्थ सांगितला त्यात बाजरी, पोलीस आणि चंद्र एकत्र आले होते. अव्वा पोट धरून हसली. मग ठरलं की हे काम माणसानंच करायचं.

माझी गुरू दुसरीत शिकते. चुलत भावाची नात, गावाकडच्या कानडी शाळेतली. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर आमच्याकडे राहिली आणि माझी बाराखडी करून घेतली. बासष्टाव्या वर्षी पाटीवर अक्षरं गिरवताना मौज वाटते. कानडी अक्षरं गोलमटोल, पुष्कळांच्या डोक्यावर तलकट्टू नावाचा छोटा तुरा. 'प' आणि 'ष' हे सख्खे भाऊ, पोटातल्या एका रेघेचा काय तो फरक. जोडाक्षराचं दुसरं अक्षर शेजारी न बसता खाली जाऊन बसतं. आणि 'ए' दोन, 'ओ' दोन, एक आखूड, एक लांब. हा भेद आपल्या देवनागरीत नाही. बोलताना जिभेला तो आपोआप यायचा, लिहिताना कळेना. "अज्जा, किती वेळा सांगू?" असं म्हणत गुरूनं दोनदा माझे कान धरले. बँकेत एवढ्या वर्षांत साहेबांनी हे केलं नव्हतं.

या शिकण्यात मला बळ मिळालं ते एका सोलापूरकराच्या आठवणीनं. आनंद कुंभार यांचं नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, गावातल्या सगळ्यांना असेलच असं नाही. वीज मंडळातली साधी नोकरी सांभाळून हा माणूस सुटीच्या दिवशी गावोगाव हिंडायचा आणि देवळांच्या भिंती, पडके खांब, शेताच्या बांधावर पडलेले दगड यांवरचे लेख शोधायचा. सोलापूर जिल्ह्यावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, त्यामुळे इथले कितीतरी शिलालेख जुन्या कानडीत आहेत. ते वाचण्यासाठी त्यांनी ती जुनी लिपी आत्मसात केली. 1988 मध्ये डॉ. श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला सोलापूर जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचा ग्रंथ धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं प्रसिद्ध केला. छंद म्हणतात तो हा. त्याला निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही, नोकरीतली बढती लागत नाही. नोकरीनं घर चालतं आणि छंदानं माणूस चालता राहतो.

तर आमची वही. रोज रात्री जेवणं झाली की अव्वाच्या खाटेशी बसायचं आणि अर्धं पान, कधी पाव पान वाचायचं. पहिले काही दिवस मी एकेक अक्षर उच्चारायचो आणि अव्वा शब्द पूर्ण करायची. म्हणजे वाचत होती तीच, मी नुसता तिचा चष्मा. हळूहळू माझी गाडी चालू लागली.

वहीत काय निघालं? थोर असं काही नाही. शेंगाच्या पोळीचं प्रमाण, हुग्गीला गहू किती वेळ भिजवायचे, भिशीचे हिशेब, कुणाच्या बाळंतपणाला किती डिंक आणला. मापं सगळी चिपट्या-मापट्यांची. आमच्या सौ.नं त्यावरून शेंगाची पोळी केली आणि ती अव्वाच्या हातच्या पोळीसारखी झाली, तेव्हा सासू-सुनेचे पस्तीस वर्षांचे काही जुने प्रश्न एका संध्याकाळी सुटले! मग 1972 च्या दुष्काळाची पानं आली. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, त्या तांबड्या परदेशी ज्वारीची भाकरी थापताना तुटते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, असं लिहिलेलं. आणि त्याखाली एकच ओळ : आज आपण जेवलो असं मुलांना सांगितलं, खरं नव्हतं. ती ओळ मी वाचली आणि थांबलो. अव्वा म्हणाली, "पुढं वाच. ते झालं गेलं." मंगळवेढ्याची शुभ्र मालदांडी ज्या जिल्ह्यात पिकते तिथल्या आयांनी ते वर्ष असं काढलं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पोट भरून जेवल्याचं मला पक्कं आठवतं.

वहीच्या मलपृष्ठाच्या आत एक यादी सापडली. पाहायची गावं, असं वर लिहिलेलं आणि खाली पाच नावं. कूडलसंगम. हंपी. गोलघुमट. समुद्र. पाचवं नाव इतकं पुसट की भिंगातूनही लागलं नाही, आणि अव्वालाही आठवेना. गोलघुमटावर रेघ मारलेली. 1979 मध्ये गिरणीतल्या मंडळींबरोबर एस.टी.नं ती विजापूरला जाऊन आली होती आणि घुमटाखाली अप्पांनी पलीकडून हळूच मारलेली हाक तिला अलीकडे ऐकू आली होती, ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे. बाकीच्या नावांवर रेघ नाही. मी विचारलं, "अव्वा, कधी बोलली नाहीस?" ती म्हणाली, "लिहिलं की निम्मं पाहिल्यासारखं होतं."

आता गंमत अशी की कूडलसंगम दोन आहेत. एक कर्नाटकातलं, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावरचं, बसवेश्वरांच्या ऐक्यस्थानाचं. दुसरं आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना यांच्या संगमावरचं. अव्वाच्या मनातलं पहिलं. पण तिच्या गुडघ्यांना आधी दुसरं झेपावं, असं आम्ही ठरवलं. सप्टेंबरात जायचं होतं. पण 2025 च्या त्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की गावंच्या गावं पाण्यात गेली, माढ्यापासून मोहोळपर्यंत माणसं घरं सोडून निघाली. प्रवासाचा विषय कुणी काढला नाही. शेवटी डिसेंबरात, हुरड्याच्या दिवसांत, गाडी ठरवून अव्वाला घेऊन गेलो.

हत्तरसंग कुडलला दोन जुनी देवळं आहेत, हरिहरेश्वर आणि संगमेश्वर. हरिहरेश्वराच्या देवळात शेकडो मुखं कोरलेलं एक शिवलिंग आहे. अव्वानं त्यावरून बोटं फिरवली आणि एकेक मुख मोजू लागली. वीसेकापर्यंत मोजून म्हणाली, "पुरे, बाकीचे त्याचे तो मोजील." संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. आनंद कुंभारांनीच तो उजेडात आणला. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांपूर्वीच्या त्या मराठी वाक्याचा भावार्थ एवढाच की जो हे वाचील तो विजयी होईल. ना राजाचं नाव, ना दानाचा बडेजाव. नुसता वाचणाऱ्याला आशीर्वाद!

मी अव्वाला अर्थ सांगितला. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि ज्याला दिसत नाही त्याचं काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग तीच म्हणाली, "बरं, तू वाच, मी ऐकते. जे मिळेल ते निम्मं निम्मं." आणि संगमावरच्या वाऱ्यात पदर सावरत ती दशम्या सोडायला बसली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. नदीचं पाणी तेव्हा शहाण्यासारखं संथ वाहत होतं. तीन महिन्यांपूर्वी यानंच एवढं थैमान घातलं होतं, हे सांगून खरं वाटलं नसतं.

वाचकहो, यात मोठेपणाचं काही नाही. माझ्या वयाच्या कुणीही हे करू शकेल, आणि तरुणांनी केलं तर अधिक चांगलं होईल. मला एवढंच म्हणायचं आहे की यंदा संकल्पांची यादी करताना एक रकाना जवळच्यासाठी ठेवावा. घरात एखादी वही असेल, पेटी असेल, आजोबांच्या नाण्यांचा डबा असेल, मागावरच्या कुठल्याशा विणीचं नाव फक्त मामांनाच ठाऊक असेल. गावाबाहेर एखादं देऊळ, एखादा माळ असेल. त्याला मोठा खर्च लागत नाही. फार तर एस.टी.चं तिकीट आणि रात्रीचा अर्धा तास. मात्र ज्याच्यासाठी करायचं तो माणूस, किंवा तो पक्षी, आहे तोवरच ते करायचं असतं.

यंदाचं आमचं ठरलं आहे. उन्हं तापायच्या आत कर्नाटकातलं कूडलसंगम. विजयपूरच्या पुढची वाट आहे, मध्ये मुक्काम करू. हंपीचं अव्वाच नको म्हणते, "तिथं फार चालावं लागतं, तू जाऊन ये आणि मला सांग." समुद्राचं पुण्याच्या मुलानं अंगावर घेतलं आहे. त्याला मी तारीख विचारली आहे आणि ती कॅलेंडरवर लिहूनही ठेवली आहे, बँकेतली जुनी सवय.

गुरू येत्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहे. तोवर रोजचं अर्धं पान चालू आहे. वहीची एकूण शहाण्णव पानं, त्यातली एक्केचाळीस झाली. पंचावन्न शिल्लक आहेत.